पाच व्होल्टची लिमिट, चोवीस व्होल्टचा इनपुट

मोटरनं सरकणाऱ्या टेबलाचं जुनं कंट्रोल कार्ड जळालं आणि त्याच्या जागी पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) बसवायचं ठरलं, तेव्हा कामाच्या यादीत मी लिमिटच्या वायरिंगपुढे ‘अर्धा दिवस’ असं लिहिलं होतं. सिग्नल तीनच. पुढची लिमिट आणि मागची लिमिट, म्हणजे सरकणारा भाग टोकाला आल्याची खूण, आणि होम, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा. तीन वायरी, तीन इनपुट, वायरीच्या टोकांना फेरूल (धातूच्या टोप्या) दाबायचे, स्क्रू आवळायचे, झालं. प्रत्यक्षात नऊ दिवस गेले. त्यातला बराचसा वेळ वायरी जोडण्यात नाही, जोडलेल्या काढण्यात गेला.

यंत्र साधं होतं. स्टेपर मोटर, तिला स्क्रू, स्क्रूवर सरकणारा गाडा. दोन टोकांना आणि मध्ये होमच्या जागी यू आकाराचे छोटे ऑप्टिकल सेन्सर. गाड्याला पत्र्याची एक पाती लावलेली. ती खाचेत शिरली की प्रकाश अडतो आणि सेन्सरचं आउटपुट बदलतं. हे सगळं १५ पिनांच्या एका कनेक्टरवर आलेलं. पिनांचा तक्ता मिळाला, त्यात पाच व्होल्ट, झीरो आणि तीन सिग्नल स्पष्ट लिहिलेले होते. बाहेरून पाच व्होल्ट दिले, मल्टिमीटर लावला, कागदाची पट्टी खाचेत घातली. पट्टी आत : ४.९ व्होल्ट. पट्टी बाहेर : ०.२ व्होल्ट. सिग्नल ठणठणीत. मी खूश.

मग तो पीएलसीच्या इनपुटला लावला. इनपुटचा दिवा लागेना.

वायर ढिली असेल म्हणून पुन्हा आवळली. दुसऱ्या इनपुटवर घेतली. शेवटी चोवीस व्होल्टची वायर थेट इनपुटला टेकवली, तर दिवा लख्ख लागला. म्हणजे इनपुट शाबूत, सेन्सर शाबूत, आणि दोघांची बोलणी मात्र बंद.

कारण पीएलसीच्या इनपुट मॉड्यूलच्या माहितीपत्रकात होतं, आणि मी ते उघडलंच नव्हतं. पीएलसीच्या डिजिटल इनपुटसाठी आयईसी ६११३१-२ हे मानक आहे. त्यात चोवीस व्होल्टच्या इनपुटचे तीन प्रकार सांगितलेत. पहिल्या प्रकारात ‘एक’ धरायला किमान १५ व्होल्ट लागतात, तिसऱ्यात किमान ११. आणि तिन्हींमध्ये ५ व्होल्टपर्यंत जे काही येईल ते ‘शून्य’च. माझा ४.९ व्होल्टचा देखणा सिग्नल पीएलसीच्या हिशेबी नियमाप्रमाणे शून्य होता. त्याची तक्रार करायला जागाच नव्हती.

आता पहिली घोडचूक, जी थोडक्यात टळली. मला वाटलं, सेन्सरनाच पाचऐवजी चोवीस व्होल्ट दिले तर? बाजारात पाच ते चोवीसवर चालणारे असे सेन्सर मिळतात, मी पूर्वी वापरलेही होते. वायर हातात घेतली होती. पॅनेलचं काम करणारे काका शेजारी बसून लेबलं चिकटवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “आतल्या एलईडीला रेझिस्टर केवढा आहे बघितलास का?”

बघितला नव्हता. झाकण काढलं. २२० ओहम. पाच व्होल्टवर एलईडीचे साधारण १.२ व्होल्ट वजा केले की उरतात ३.८, म्हणजे १७ मिलिअँपिअर, ठीक. चोवीस व्होल्टवर तोच हिशेब १०४ मिलिअँपिअरवर जातो, आणि त्या पाव वॅटच्या रेझिस्टरमध्ये दोन वॅटच्या वर उष्णता. तिन्ही सेन्सर एकदमच गेले असते. टेबल जुनं, तसेच सेन्सर पुन्हा मिळणं अवघड. मी झाकण लावलं आणि वायर गुपचूप ठेवून दिली.

झाकण उघडल्याचा एक फायदा झाला. आउटपुटचा ट्रान्झिस्टर एनपीएन आहे (चालू झाला की आउटपुट झीरोकडे ओढणारा), त्याचा कलेक्टर, म्हणजे आउटपुटचा पाय, बाहेर आलाय आणि कलेक्टरपासून पाच व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा पुलअप (ट्रान्झिस्टर बंद असताना आउटपुट वर खेचणारा रेझिस्टर) आहे, हे दिसलं. सेन्सरचं पत्रक सांगत होतं की ट्रान्झिस्टर ३० व्होल्ट सोसतो आणि ५० मिलिअँपिअर खाली ओढू शकतो. मला एकदम सुचलं : पाच व्होल्ट विसरायचे. इनपुटच्या ग्रुपचा कॉमन (सगळ्यांचं सामायिक टर्मिनल) झीरोऐवजी चोवीसला जोडायचा. मग करंट चोवीसपासून इनपुटमधून बाहेर येईल आणि सेन्सरचा ट्रान्झिस्टर त्याला झीरोकडे ओढून घेईल. दोन्हीकडचे झीरो एकत्र केले की झालं. एनपीएन सेन्सर असाच तर जोडतात.

जोडला. पट्टी बाहेर, ट्रान्झिस्टर चालू, दिवा लख्ख. पट्टी आत, ट्रान्झिस्टर बंद, दिवा... मंद. विझला नाही. प्रोग्राममध्ये बघितलं तर एका इनपुटवर एक, दुसऱ्यावर शून्य, आणि तिसरा आपल्या मर्जीचा मालक. कधी हे, कधी ते.

हा दिवस मला चांगला आठवतो, कारण संध्याकाळपर्यंत मी मॉड्यूल खराब आहे या निष्कर्षाला आलो होतो. दुसरं मॉड्यूल लावलं. तसंच. मग काका उठून आले. त्यांची एक सवय आहे : सिंक, सोर्स, एनपीएन, पीएनपी हे शब्द ते उच्चारतच नाहीत. ‘सिंक’ म्हणजे नेमकं कोण ओढतंय, सेन्सर की इनपुट, यावर माणसं तासभर भांडतात, आणि दोन कंपन्यांची पत्रकंही एकाच जोडणीला वेगळी नावं देतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा प्रश्न ठरलेला.

“करंट निघतो कुठून आणि परत जातो कुठं, ते बोटानं दाखव.”

मी दाखवू लागलो. चोवीस, इनपुट, कलेक्टर, आणि ट्रान्झिस्टर बंद असेल तर... “तर थांबतो,” असं म्हणायला गेलो आणि बोट पुलअपवर अडलं. थांबत नव्हता. चोवीसपासून निघालेला करंट इनपुटमधून, पुलअपमधून पाच व्होल्टच्या रेषेत शिरत होता. चोवीसच्या मानानं पाच व्होल्ट हा उतारच की! मी पुलअपकडे ‘वर खेचणारा’ म्हणून बघत होतो, तो इथं खाली वाट देत होता.

हिशेब कागदावर मांडला. इनपुट साधारण ६ किलोओहमचा, पुलअप ४.७ चा, मध्ये १९ व्होल्टचा फरक. करंट १.८ मिलिअँपिअरच्या आसपास, आणि इनपुटवर पडणारं व्होल्टेज साडेदहा-पावणेअकरा. म्हणजे ५ च्या वर आणि ११ च्या खाली. मानक ज्या पट्ट्याबद्दल कसलीच हमी देत नाही, नेमकं तिथं मी तिन्ही इनपुट नेऊन बसवले होते. एक लागतो, एक विझतो, एक डगमगतो, यात नवल काय? मॉड्यूल निर्दोष सुटलं.

पुलअप काढून टाकायचा हा एक उपाय होता. पण जुन्या टेबलाच्या बोर्डावर सोल्डरिंगचा डाग द्यायची माझी तयारी नव्हती, आणि पाच व्होल्टच्या भागात चोवीस मिसळायचं मलाही आता नको झालं होतं. म्हणून ऑप्टोकपलरचं मॉड्यूल घेतलं. डिन रेलवर बसणारं, एका बाजूला पाच व्होल्ट, दुसऱ्या बाजूला चोवीस, मध्ये फक्त प्रकाश. पीएलसीचा कॉमन परत झीरोला आणला, कारण हे मॉड्यूल चोवीस बाहेर देतं.

इथंही पहिली जोडणी चुकली, पण ती लवकर सापडली. सिग्नल मॉड्यूलच्या प्लसला आणि झीरो मायनसला लावला. जोडण्याआधी ४.९ व्होल्ट दाखवणारा सिग्नल जोडल्याबरोबर दीड व्होल्टवर बसला. या वेळी बोट मी स्वतःच फिरवलं : पाच व्होल्ट, पुलअप, मॉड्यूल, झीरो. ४.७ किलोओहममधून येऊन येऊन येणार किती, पाऊण मिलिअँपिअर. मॉड्यूलला हवेत सात. जुन्या कार्डाला इतका थोडा करंट चालत होता, कारण त्याच्या चिपला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. मीटरलाही लागत नाही. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो, त्यामुळे लोड नसताना तो जे व्होल्टेज दाखवतो त्यात दम आहे की नाही हे कळत नाही. तेव्हापासून माझ्या खिशात २.२ किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. अनोळखी सेन्सर आला की आउटपुट आणि झीरो यांच्यामध्ये तो लावून मोजतो, मग आउटपुट आणि प्लस यांच्यामध्ये. सेन्सर काय जातीचा ते दोन मोजमापांत कळतं.

बरोबर जोडणी अशी निघाली : मॉड्यूलचा प्लस सेन्सरच्या पाच व्होल्टला, मॉड्यूलचा मायनस कलेक्टरला. ट्रान्झिस्टर चालू झाला की मॉड्यूलमधून सात मिलिअँपिअर ओढतो. पुलअप बाजूला पडून राहतो, कुणाला त्रास नाही.

आणि मग एक गोष्ट आपोआप जुळून आली, जिच्याबद्दल मी आधी विचारच केला नव्हता. थेट सिग्नल वाचायचं माझ्या डोक्यात होतं तेव्हा ‘व्होल्टेज आलं म्हणजे लिमिट आली’ असा अर्थ होता. तशी जोडणी चालली असती, आणि एखाद्या दिवशी कनेक्टर निसटला असता, तर पीएलसीला कायम ‘लिमिट नाही, जा पुढे’ असंच दिसलं असतं. नव्या जोडणीत अर्थ उलटला. वाट मोकळी असताना एक, पाती आली की शून्य. वायर तुटली, शून्य. पाच व्होल्टचा सप्लाय गेला, शून्य. सेन्सरमधला एलईडी मेला, तरी शून्य. मेकॅनिकल लिमिट स्विचचा एनसी संपर्क (एरवी जुळलेला, दाबला की उघडणारा) ज्या कारणासाठी वापरतात तेच हे. मी ठरवून केलं असं सांगायला आवडलं असतं.

मोटर चालू करण्याआधी ड्राइव्ह (मोटरला करंट देणारा भाग) बंद ठेवून गाडा हातानं ढकलला आणि कुठल्या टोकाला कुठला इनपुट जातो ते बघितलं. बरोबर होतं. मग अगदी हळू ‘पुढे’ चालवला. गाडा मागे गेला, मागच्या लिमिटवर पोचला, आणि प्रोग्राम पुढच्या लिमिटची वाट बघत मोटर ढकलतच राहिला. हात बटणावर होता म्हणून थांबवता आला. मोटरच्या एका फेजच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या. प्रोग्राममध्ये दोन लिमिटची अदलाबदल करणं दोन मिनिटांचं काम होतं आणि मोह झाला. पण मग ड्रॉइंग खोटं पडलं असतं आणि पुढं कुणीतरी रात्री दोन वाजता मला शिव्या दिल्या असत्या. सप्लाय पूर्ण बंद करून वायरीच बदलल्या. बंद करून, हे महत्त्वाचं. चालू ड्राइव्हवरून स्टेपरची वायर काढली की ड्राइव्ह जाऊ शकतो.

हळू चालवताना सगळं झकास. मग खोट्या लिमिटा सुरू झाल्या. ड्राइव्ह इनेबल केला, म्हणजे मोटरला करंट सोडला, की त्याच क्षणी कुठलीतरी लिमिट येऊन जायची. यात माझाच शहाणपणा आडवा आला होता. लिमिट म्हणजे तातडीची गोष्ट, म्हणून इनपुटचा फिल्टर (सिग्नल किती वेळ टिकला की खरा धरायचा ती मुदत) मी ०.२ मिलिसेकंद इतका कमी ठेवला होता. एवढ्या अरुंद फिल्टरमधून ड्राइव्हचा प्रत्येक झटका आत येणारच. वैतागून तो थेट १२.८ वर नेला. लिमिटा गप्प झाल्या. त्या आनंदात वेग ४० वरून १५० मिलिमीटर प्रतिसेकंद केला आणि गाडा टोकाच्या रबरावर धाडकन आदळला.

आदळला त्याहून वाईट म्हणजे, आदळल्यावर पीएलसी म्हणत होता, लिमिट नाही.

मी अर्थातच फिल्टरला दोष दिला. काल वाढवला, आज आदळला. पण कागदावर मांडलं तर फिल्टर बिचारा जवळपास निर्दोष. १२.८ मिलिसेकंद फिल्टर, ५ मिलिसेकंद स्कॅन (प्रोग्रामची एक फेरी), दोन्ही मिळून १५० च्या वेगानं गाडा २.७ मिलिमीटर जातो. खरा गोंधळ थांबण्यात होता. लिमिट आल्यावरही मी रोजचंच डिसेलरेशन (वेग उतरवण्याचा दर) वापरलं होतं, ५०० मिलिमीटर प्रतिसेकंद वर्ग. १५० वरून थांबायला त्यात साडेबावीस मिलिमीटर लागतात. एकूण पंचवीस. पाती होती १५ मिलिमीटर लांब, आणि लिमिट लागल्यापासून रबर होता २० वर. म्हणजे पाती सेन्सरमध्ये शिरली, पंधरा मिलिमीटरनंतर पलीकडून बाहेर पडली, सेन्सरनं ‘वाट मोकळी’ सांगितलं, आणि निम्म्या वेगानं गाडा रबरात. ४० च्या वेगावर थांबायला दीड-दोन मिलिमीटरच लागत होते, म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या पास.

नवीन पाती ३० मिलिमीटरची कापली, दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात जास्त. प्रवास एकूण १५ मिलिमीटरनं कमी झाला, पण आता रबर लागेपर्यंत साडेसत्तावीस मिलिमीटर आणि पाती तीस, त्यामुळे गाडा कुठंही थांबला तरी ती सेन्सरमध्येच राहते. लिमिटसाठी वेगळं डिसेलरेशन, २०००. प्रोग्राममध्ये लिमिट लॅच केली, म्हणजे एकदा आली की माणसानं रिसेट करेपर्यंत ती राहते आणि फक्त उलट दिशेला जाऊ देते. (पातीची कड सरकल्यामुळे होमची जागाही साडेसात मिलिमीटरनं सरकली. ते दुसऱ्या दिवशी पहिला जॉब चुकल्यावर कळलं.)

आणि खोट्या सिग्नलचं मूळ फिल्टरनं झाकायचं नाही असं ठरवून केबलचा माग काढला. पाच व्होल्टची सात मीटर केबल मोटरच्या केबलला चिकटून, एकाच पट्टीत बांधून आणली होती. दिसायला फार नीटनेटकी. मोटरच्या केबलचं शील्ड (वायरींभोवतीचं धातूचं वेष्टण) दोन्ही टोकांना कापून टेप मारलेलं, कुठंच जोडलेलं नाही. शील्ड पॅनेलच्या प्लेटवर क्लॅम्पखाली घेतलं, दोन्ही केबल वेगळ्या वाटेनं नेल्या, आणि ऑप्टोचं मॉड्यूल पॅनेलमधून काढून टेबलाजवळच्या छोट्या डब्यात हलवलं. आता पाच व्होल्टचा प्रवास अर्ध्या मीटरचा, लांबच्या वाटेवर चोवीस. हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. फिल्टर ३.२ वर आणला. त्यानंतर खोटी लिमिट आलेली नाही.

होमसाठी मात्र वेग फारच कमी ठेवला, ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, आणि नेहमी एकाच बाजूनं येऊन एकच कड धरायची. त्या वेगात स्कॅनच्या पाच मिलिसेकंदांचा फरक पाव दशांश मिलिमीटरच्या आत राहतो, आमच्या कामाला पुरतो.

एक काम काकांच्या हट्टामुळे झालं. पीएलसीतली लिमिट म्हणजे प्रोग्रामची लिमिट. प्रोग्राम अडकला किंवा आउटपुट चिकटलं तर ती काय करणार? म्हणून पाती लागल्यावर आणि रबर लागण्याआधी, दोन्ही टोकांना एकेक मेकॅनिकल स्विच बसवला. वर्तुळात बाणाची खूण असलेला, म्हणजे ज्याचा एनसी संपर्क चिकटला तरी दांडी त्याला जबरदस्तीनं उघडते. दोन्ही संपर्क ड्राइव्हच्या इनेबलच्या वायरीत एकापुढे एक, मध्ये पीएलसी नाहीच. गाडा तिथं अडकला तर बाहेर काढायला किल्लीचं एक दाबबटण.

शेवटच्या दिवशी काकांनी टर्मिनलपाशी बसून, गाडा हळू चालू असताना, एकेक वायर सोडवायला सुरुवात केली. प्रत्येक वायरीला गाडा थांबला. पाच व्होल्टच्या झीरोलाही थांबला. ऑप्टोच्या चोवीसलाही. होमची वायर काढली तेव्हा मात्र थांबला नाही, चालतच राहिला. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “होम आहे, काका, ती लिमिट नाही.”

“ते तुला माहीत. यंत्राला कोण सांगणार?”

मग होम शोधताना ठरावीक अंतरात कड मिळाली नाही तर थांबून अलार्म द्यायचा, एवढ्या चार ओळी आणखी लिहिल्या, आणि डब्याच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवला : ‘१ = वाट मोकळी. ० = लिमिट, किंवा वायर गेली.’